अकराशे एकावा वेढा

डॉ. नीला देवपुजारी यांनी रुपराव रेवतकरांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा रुपरावांचे फक्त पाय दिसत होते. उरलेले रुपराव पंपाच्या मोटारीत होते. साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारीत पावणेसहा फुटांचा माणूस कंबरेपर्यंत मावतो कसा, हे कोडं पदार्थविज्ञानात पीएचडी करून आणि सत्तावीस वर्षं शिकवूनही नीलाताईंना सुटलं नाही. मोटारीभोवती चौदा शेतकरी उकिडवे बसले होते. आत नातेवाइकाचं पोट फाडलं असावं अशी त्यांची मुद्रा होती. जलालखेड्यातल्या त्या दुकानाबाहेर जळक्या मोटारींची रांग होती. ती एसटी स्टँडपर्यंत जाऊन, तिथून वळसा घालून, पांढुर्ण्याच्या बाजूने थेट मध्य प्रदेशात शिरली होती, असं नीलाताई पुढे सांगत. दर वेळी सांगताना रांग दोन किलोमीटर लांब होई.

दिवस जानेवारीचे होते. नरखेड तालुक्यात हे संत्र्याचा ताण तोडायचे दिवस. महिना-दीड महिना झाडाला पाणी द्यायचं नाही, आणि मग एकदम सोडायचं, म्हणजे झाड घाबरून फुलतं. अडचण एवढीच, की सगळा तालुका एकाच आठवड्यात पंप सुरू करतो. विजेचा दाब बसतो आणि झाडं फुलायच्या आधी मोटारी जळतात. त्या आठवड्यात तालुक्यात आमदारापेक्षा रुपराव भेटायला अवघड.

अखेर रुपराव मोटारीतून बाहेर आले. तोंड काजळीने माखलेलं, एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर, आणि हात तिसरा शोधत असलेला.

"कोनती जळली?" त्यांनी नीलाताईंना विचारलं.

"मोटार नाही. चुंबक आहे. त्याची कॉइल जळली."

चौदा शेतकऱ्यांनी माना वर केल्या. चुंबक जळू शकतं ही बातमी त्यांना नवी होती.

रुपरावांनी तिसरा चष्मा शोधणं सोडलं. "कॉइल म्हनजे वाइंडिंगच न जी? मंग मोटारच झाली. फिरत नाही, एवढंच."

नीलाताईंनी ते मनातल्या मनात फळ्यावर मांडून पाहिलं. वाक्यात चूक सापडेना.

नीलाताईंचा धंदा प्लाझ्माचा. नागपुरातल्या एका कॉलेजच्या तळमजल्यावर त्यांची प्रयोगशाळा आहे. तिथे स्टीलचं एक बसकं पिंप आहे, त्याला काचेच्या खिडक्या आहेत. पिंपातली हवा उपसून टाकायची, चिमूटभर आरगॉन वायू सोडायचा, आतल्या दोन थाळ्यांना वीज जोडायची, की वायू जांभळा पेटतो. हाच प्लाझ्मा. ट्यूबलाइटमध्येही तोच असतो, पण ट्यूबलाइटला अनुदान मिळत नाही. पिंपाच्या वर आणि खाली लोखंडी चुंबकाची दोन तोंडं, आणि त्या तोंडांभोवती तांब्याच्या पट्टीच्या दोन भल्यामोठ्या कॉइल. चुंबक जितकं जोरदार, तितका प्लाझ्मा चमत्कारिक वागतो. नीलाताईंना असं जोरदार चुंबक लावलेल्या प्लाझ्मात बारीक भुकटी तरंगवून बघायची होती. त्यासाठी उजेड एकसारखा हवा होता, पाकासारखा. आणि नेमक्या तेव्हाच दोन्ही कॉइल जळल्या.

कंपनीने आठ महिन्यांचा वायदा दिला. शहरातल्या तीन वर्कशॉपवाल्यांनी कॉइल पाहून आपल्याला जेवायला जायचंय असं सांगितलं. तेव्हा विभागातल्या शिपाई इंदूबाई चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, "आमच्या गावच्या रुपरावभाऊले काहून नाही बोलवत? त्यायची मोटार आजलोग परत नाही आली."

ही खरी गोष्ट होती, आणि रुपरावांची सगळी दौलत म्हणजे ही गोष्ट. छत्तीस वर्षांत त्यांनी गुंडाळलेली एकही मोटार वाइंडिंगच्या दोषाने परत आली नव्हती. विहिरीत पडल्या, चोरीला गेल्या, एक तर बैलाने पाडली. पण त्या वेगळ्या. दुकानाला पाटी नव्हती. हे एक वाक्य म्हणजेच पाटी. ज्या दिवशी एक मोटार परत येईल त्या दिवशी मध्य प्रदेशात शिरलेली ती रांग वळून सावरगावच्या वाइंडरकडे जाईल, हे रुपरावांना माहीत होतं आणि सावरगावच्या वाइंडरला तर पाठ होतं. तो छत्तीस वर्षं वाट बघत होता.

ताणाचा हंगाम सरल्यावर रुपराव नागपूरला आले. मनीषनगरात लेकीकडे, भूमिकाकडे, मुक्काम ठोकला आणि रोज सकाळी नऊला डबा घेऊन प्रयोगशाळेत हजर होऊ लागले. आल्यावर पहिलं काम, त्यांनी टेबलावर ओळीने अकरा संत्री मांडली.

"वा, बागेतली का?" असं म्हणत डॉ. श्रीधर पुढे झाले. श्रीधर विभागातले दुसरे प्राध्यापक, गणिती बाजूचे. त्यांनी आयुष्यात स्क्रू पिळला नव्हता, पण पिळणाऱ्याच्या मागे उभं राहून तो कुठे चुकतोय हे सांगण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे.

"हात नका लावू जी," रुपराव म्हणाले. "हे मोजायचे हायेत."

एका कॉइलला अकराशे वेढे. शंभर वेढे झाले की एक संत्रं डावीकडून उजवीकडे. मोजताना रुपराव मोठ्याने मोजत, आणि मध्ये कोणी बोललं तर थांबून त्याच्याकडे असे बघत, की पुढे आठवडाभर तो माणूस खोकलासुद्धा बाहेर जाऊन खोकत असे. दर वेढ्याखाली कापडी पट्टी, दर थरानंतर वार्निश, आणि थरांच्या मधून थंड पाणी खेळवणारी तांब्याची नळी. सतरा दिवस हे चाललं. नीलाताई तास संपवून येत आणि नुसत्या बघत बसत. त्यांना वाटे, आपण एवढी वर्षं इलेक्ट्रॉन चुंबकाभोवती गिरक्या घेतो असं फळ्यावर काढतोय, पण एवढ्या निगुतीने गिरकी घेणारा पहिल्यांदाच पाहिला.

कॉइल बसल्या. पिंप उपसलं. आरगॉन सोडला, वीज दिली, आणि जांभळा उजेड पेटला, पाकासारखा एकसारखा. इंदूबाईंनी पेढे वाटले. नीलाताईंनी चुंबकाचा जोर हळूहळू वाढवत नेला. निम्म्यापर्यंत सगळं छान होतं. त्यापुढे उजेड थरथरला, फाटला, आणि पिंपात वरच्या थाळीपासून खालच्या थाळीपर्यंत उभे दोरे दिसू लागले. झगझगीत, बोटभर जाडीचे, शेजारी शेजारी, दांडीवर शेवया वाळत घातल्यासारखे. मध्ये काळोख. मोजले तर नऊ.

"हे नको होतं," नीलाताई म्हणाल्या.

"वाइंडिंग," श्रीधर म्हणाले. त्यांना जणू या क्षणासाठीच जन्माला घातलं होतं. "क्षेत्र सारखं नाहीये नीला. जिथे जोर जास्त तिथे उजेड गोळा होऊन राहिला. तुला म्हटलं होतं, पंपवाल्याला पंप द्यावेत."

चुंबकाचा जोर जागोजाग मोजायचं यंत्र असतं. विभागाकडेही होतं. ते दुरुस्तीला पुण्याला गेलं होतं आणि पुण्याला गेलेल्या वस्तूंप्रमाणे तिथेच रमलं होतं.

नीलाताईंनी रुपरावांना बाजूला बोलावलं. प्रश्न शक्य तितका मऊ विचारला. "रुपरावजी, वाइंडिंग करताना काही वेगळं झालं होतं का? थोडंफार?"

रुपरावांनी जराही न अडखळता सांगितलं, "वरच्या कॉइलले अकराशे एक वेढे हायेत."

"अकराशे सांगितले होते ना?"

"अकराशे तुमचे. एक शगुनाचा. आहेरात आपन एकशे एकच देतो न जी, शंभर नाही देत. मी हरेक कामाले एक वेढा वरून टाकतो. पयल्या मोटारीपासून."

"आणि खालच्या कॉइलला?"

"खाली काहून? एका घरी एकच शगुन."

श्रीधर मागे उभे होतेच. ते म्हणाले, "वरती एक जास्त. झालं. आणि शंभराचीही चूक असू शकते. ती संत्री... म्हणजे मोजायची ती..." इथे त्यांचा आवाज जरा खाली आला. "एखादं कमीजास्त झालं असेल."

"सातवं तुमी खाल्लं होतं जी," रुपराव शांतपणे म्हणाले. "साल कपाटामागं टाकली. मले दिसली. मी झोऱ्यातून दुसरं काढून ठेवलं."

इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि कप नसतानाही कप धुवायला गेल्या.

अकराशेत एक वेढा म्हणजे काहीच नाही, हे नीलाताईंना पक्कं माहीत होतं. हजारात एकाहूनही कमी फरक. त्याने दोरे उभे राहत नाहीत. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच काही वळवळू लागलं होतं. ज्या माणसाने न सांगता एक वेढा घातला, त्याने न सांगता आणखी काय केलं असेल? आणि ते त्यांनी विचारलं. "रुपरावजी, आणखी काही आहे का, जे मला सांगितलं नाहीत?"

रुपरावांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग कपाळावरचाही काढला. दोन्ही चष्म्यांशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

"मॅडमजी, तुमी इचारलं नाही म्हनून मी सांगतलं नाही. इचारलं तवा सांगतलं. छत्तीस वर्सं झाले. माही मोटार परत नाही आली." मग ते म्हणाले, "आता इंदू सांजच्या वक्ताले घरी फोन करन. उद्या सकाळी एसटी स्टँडवर सारे म्हनतीन, रुपरावची कॉइल वापस आली."

"मी काहून सांगू?" आतून इंदूबाईंचा आवाज आला. "मी फक्त माह्या बहिनीले सांगते."

"अन् तुही बहीन आकाशवाणी हाय वं."

नीलाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि पिंपात नऊ दोरे उभे होते.

"शगुन काढू?" रुपरावांनी विचारलं. आणि कोणी हो म्हणायच्या आत त्यांनी पान्हा उचलला. वरच्या कॉइलचं टोक सोडवलं, अकराशे एकावा वेढा उलगडला, पट्टी मोजून कापली आणि टोक पुन्हा जोडलं. कापलेला तुकडा त्यांनी टाकला नाही. खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून टेबलावर ठेवला, डोक्याची पगडी उतरवून ठेवावी तसा.

चुंबक पुन्हा चढवलं. उजेड थरथरला, फाटला, दोरे उभे राहिले. या खेपेला दहा.

"बघा, शगुन गेला तर एक वाढला," इंदूबाई म्हणाल्या.

"याने काहीच सिद्ध होत नाही," श्रीधर म्हणाले. "बाकीचे अकराशे वाकडे असतील."

आता रुपरावांना राग आला. त्यांचा राग आवाजात येत नसे, हातात येत असे. त्यांनी बाह्या वर केल्या. "सरजी, आमच्याकडं मोटार गुरगुरली का शेतकरी म्हनते, वाइंडिंग खराब. मी म्हनतो, काढ मोटार, लाव दुसऱ्या इहिरीवर. तिथंबी गुरगुरली तं मोटार खराब. नाही गुरगुरली तं तुही इहीर खराब, नाही तं लाइन खराब. खोट ज्याची असन, त्याच्यासंग ते जाते."

"म्हणजे?" नीलाताईंनी विचारलं, पण विचारता विचारताच त्यांना कळलं, आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"म्हनजे वरची कॉइल खाली टाका, खालची वर. अन् दोन्ही पाव-पाव फिरवून बसवा. खोट माह्या वेढ्यात असन तं दोरे जागा बदलतीन. माह्यासंग फिरतीन."

सत्तावीस वर्षं नीलाताई विद्यार्थ्यांना हेच शिकवत होत्या, आणि दर वर्षी निम्मा वर्ग ते परीक्षेत चुकवत होता. त्यांना हे स्वतःला सुचलं नव्हतं याची लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही, कारण रुपराव चेन पुली ओढायला लागले होते.

दोन दिवस लागले. कॉइल उतरवायच्या आधी नीलाताईंनी दोऱ्यांच्या जागा खिडकीच्या काचेवर स्केचपेनने आखल्या. रुपरावांनी कॉइलवर खडूने खुणा केल्या. श्रीधर मागे उभं राहून साखळी कुठे ओढायची ते सांगत होते. दुसऱ्या दिवशी रुपरावांनी न बोलता साखळी त्यांच्या हातात दिली. श्रीधरांनी ती अर्धा तास ओढली, आणि त्या अर्ध्या तासात ते एक शब्दही बोलले नाहीत. विभागाच्या इतिहासात ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा पिंप उपसलं. वीज दिली. जांभळा पाक पेटला. चुंबक चढत गेलं. रुपराव खिडकीसमोर उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते कोणाचं नाव घेत होते की वेढे मोजत होते, ते कळलं नाही.

पूर्वी ज्या जोराला दोरे उठले होते, बरोबर त्याच जोराला ते उठले. तसेच उभे, तसेच झगझगीत. पण कॉइलवरची खडूची खूण पाव फेरा सरकली होती, आणि दोरे तिच्याबरोबर सरकले नव्हते. काचेवरच्या स्केचपेनच्या रेषांनाही ते मोजत नव्हते. ते आपले आपल्या मर्जीने उभे होते, मध्येच एखादा शेजाऱ्याकडे सरके, पुन्हा मागे येई. नीलाताईंनी आरगॉन थोडा वाढवला. दोरे विरघळले, पाक झाला. कमी केला. दोरे परत आले. पुन्हा वाढवला, पुन्हा गेले.

"पाहा," रुपराव हळूच म्हणाले. "खोट गॅस वाढवल्यानं जाते काय? वाकडं असन ते वाकडंच राहाते."

 नीलाताईंनी खुर्ची ओढली, रुपरावांना बसवलं आणि समजावून सांगितलं. वीज लागली की वायूच्या कणांचे दोन भाग होतात, हलके आणि जड. हलके लगेच चुंबकाच्या ताब्यात जातात, जागच्या जागी गिरक्या घेत राहतात. जड कण ऐकत नाहीत, आडवे पळतात, म्हणून उजेड सगळीकडे सारखा पसरतो. चुंबक फारच जोरदार झालं की जडही ताब्यात येतात. मग कोणालाच आडवं जाता येत नाही, फक्त वरखाली. जिथे उजेड जरा जास्त, तिथे तो आणखी गोळा होतो आणि दोरा बनतो. वायू वाढवला, की टकरा होऊन गिरक्या मोडतात, आणि सगळे पुन्हा आडवे पळायला मोकळे.

रुपरावांनी मान हलवली. "म्हनजे कमी चुंबकात मोकाट पानी. जास्तीत दांडाचं, चरातलं पानी. दांड पाडला का पानी आडवं नाही जात, दांडानंच जाते."

नीलाताईंनी हे वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून दर वर्षी त्या एमएस्सीच्या वर्गाला चुंबकातला प्लाझ्मा शिकवताना आधी ओलीत, म्हणजे शेताला पाणी कसं देतात ते, शिकवतात.

"म्हणजे हे खरं भौतिकशास्त्र आहे," श्रीधर म्हणाले. "मला पहिल्या दिवसापासून तसंच वाटत होतं."

"तुमाले संत्रं देऊ काय?" रुपरावांनी विचारलं.

नीलाताई मात्र अवघडून उभ्या होत्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. प्राध्यापकांना ती नसते. शेवटी त्या टेबलाजवळ गेल्या, दुपट्टा उलगडला आणि तांब्याच्या पट्टीचा तो तुकडा रुपरावांच्या हातात दिला. "हा परत जोडता येईल?"

रुपरावांनी आधी कपाळावर आणि मग डोळ्यांवर चष्मा चढवला. "येईन न. सांधा द्यावा लागन. पन आता कोनत्या कॉइलले? वरची खाली गेली."

यावर विभागात अर्धा तास चर्चा झाली, आणि इंदूबाईंच्या मताने ठरलं की शगुन माणसाबरोबर जातो, जागेबरोबर नाही. वेढा ज्या कॉइलचा होता त्याच कॉइलवर चढला. रुपरावांनी तो चढवताना मोठ्याने मोजला, एकच आकडा. त्या सांजेला इंदूबाईंनी बहिणीला फोन करून सांगितलं, की रुपरावभाऊची कॉइल इतकी चांगली निघाली की सायन्सवाल्यांनाही समजली नाही. दुसऱ्या दिवशी ही बातमी एसटी स्टँडवर होती आणि तिसऱ्या दिवशी सावरगावच्या वाइंडरने दुकान लवकर बंद केलं.

नीलाताईंनी भुकटी तरंगवायचा बेत बाजूला ठेवला आणि दोऱ्यांवरच शोधनिबंध लिहून एका नियतकालिकाला पाठवला. त्यात सगळं प्रामाणिकपणे मांडलं: एका कॉइलला अकराशे वेढे, दुसरीला अकराशे एक. परीक्षकाने विचारलं, दोन कॉइलमध्ये एका वेढ्याचा फरक का? नीलाताईंनी उत्तर लिहिलं, स्थानिक प्रथेनुसार. परीक्षकाने ते वाक्य काढायला सांगितलं. शिवाय असं कळवलं, की असे दोरे परदेशातल्या प्रयोगशाळेत दहा-बारा वर्षांपूर्वीच दिसलेले आहेत, तरी त्यांचा उल्लेख करावा. नीलाताईंनी तो केला. निबंध सात पानांचा छापून आला. शेवटी आभारात रुपराव रेवतकरांचं नाव आहे. नीलाताईंनी त्याची प्रत फ्रेम करून जलालखेड्याच्या एसटीने पाठवली. ती दुकानात लावली आहे, आणि मोटार घेऊन आलेला प्रत्येक जण ती वाचतो, म्हणजे नाव वाचतो.

रुपरावांच्या कॉइल चौदा महिने चालल्या. मग मे महिन्यात इमारतीच्या टाकीतलं पाणी संपलं, थंडाव्याची नळी कोरडी पडली आणि दोन्ही जळल्या. तोवर कंपनीचा आठ महिन्यांचा वायदा पुरा होऊन नव्या कॉइल येऊन पडल्या होत्या, त्या बसवल्या. दोरे त्यांच्यातही उठतात. जुन्या कॉइल रुपरावांकडे परत गेल्या नाहीत. विभागाच्या नियमाप्रमाणे त्या भंगारात काढल्या.